सहा वर्षांच्या आधी

मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातल्या एखाद्या गावात दीड वर्षाचं लेकरू हाक मारली तरी वळून बघत नसेल, तर पहिला सल्ला घरातूनच मिळतो: "याचा मामाबी उशिरा बोलला होता." दुसरा शेजारणीकडून येतो: "राजूरच्या गणपतीला नवस बोला." तिसरा कधी कधी चक्क दवाखान्यात ऐकायला मिळतो: "पाच वर्षांचा होऊ द्या, मग बघू." तिघांच्याही मनात लेकराबद्दल मायाच असते, आणि तिघांचंही ऐकलं की वर्ष-दोन वर्षं निघून जातात. नवसाला माझा आक्षेप नाही. राजूरला जरूर जावं. फक्त त्याच आठवड्यात जालन्याच्या सरकारी दवाखान्यातही जावं.

हे 'मग बघू' थोडं आपल्या कायद्याच्या रचनेतच आहे. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण तो ६ ते १४ या वयासाठी. सहा वर्षांखालच्या मुलांना त्याच दुरुस्तीने कलम ४५मध्ये बसवलं आणि त्यांच्या संगोपनासाठी व शिक्षणासाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढंच म्हटलं. १ एप्रिल २०१०पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून बोलायला लागतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६चा. तो १९ एप्रिल २०१७ला लागू झाला. त्याचं कलम ३१ अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची हमी देतं, पण सुरुवात तिथेही सहापासूनच. म्हणजे मेंदू सगळ्यात वेगाने घडतो त्या वर्षांत आई-बापांच्या हाती असतात त्या बहुतेक योजना. शिक्षणाचा हक्क नंतर येतो. हक्क डावलला तर दाद मागायला जागा असते. योजना मात्र जो मागतो, विचारतो, पुन्हा जाऊन विचारतो, त्याच्याकडे आधी पोहोचते. या प्रकरणात पुढे जे काही सांगायचं आहे ते याच गोष्टीमुळे सांगावं लागतं.

एक अपवाद नोंदवून ठेवायला हवा. २०१६च्या कायद्याचं कलम २५ आरोग्याबद्दल आहे, आणि धोक्यात असलेली मुलं वेळीच ओळखण्यासाठी सगळ्या मुलांची वर्षातून निदान एकदा तपासणी करावी, असं ते सरकारला सांगतं. त्यात सहा वर्षांची अट नाही. गावात वर्षभर तपासणीचं पथक आलंच नसेल तर याच कलमाचा आधार घेऊन अर्ज करता येतो.

घाई कशासाठी, हे कानाच्या उदाहरणावरून लवकर कळतं. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात ख्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या बाळांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत कळला आणि मदतही सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा ठळकपणे पुढे होती. दोष किती तीव्र आहे यापेक्षा तो कधी कळला याने जास्त फरक पडला होता. आता हे आपल्या सरकारी योजनेशेजारी ठेवून पाहा. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून कॉक्लियर इम्प्लांट मिळू शकतं, पण पाच वर्षांपर्यंतच. "पाच वर्षांचा होऊ द्या" म्हणणाऱ्याला ठाऊक नसतं की त्या वाढदिवसाला एक दार बंद होणार आहे.

डोळ्यांचं तसंच. जन्मतः मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत व्हावी लागते. नंतर डोळा स्वच्छ झाला तरी मेंदू पाहायला शिकत नाही. वाकडे पाऊल असलेल्या बाळाला पहिल्या आठवड्यांत दर आठ दिवसांनी प्लास्टर बदलत नेलं तर बहुतेक वेळा मोठी शस्त्रक्रिया टळते. जन्मताना उशिरा रडलेलं, काचेच्या पेटीत ठेवलेलं, तीव्र कावीळ झालेलं, दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ घरी आलं म्हणजे सगळं झालं असं नसतं. अशा बाळावर पहिली दोन वर्षं जास्त लक्ष ठेवावं लागतं.

ही मुलं काही मोजकी नाहीत. भारतात पाच ठिकाणी, त्यात आपल्या शेजारच्या उत्तर गोव्यातही, २ ते ९ वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला आणि २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. ऐकणं, बोलणं, हालचाल, फिट, ऑटिझम, अभ्यासातली अडचण असे मेंदूच्या विकासाशी जोडलेले प्रश्न साधारण आठातल्या एका मुलात आढळले. आपल्या गल्लीत असं एकही मूल नाही असं वाटत असेल, तर बहुधा ते अजून कुणी ओळखलेलं नाही.

ओळखायचं कसं? त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. गरोदरपणात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड लसीच्या नोंदीसाठी जपून ठेवलेलं असतं; त्यातच बाळाच्या वाढीचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात, ती पानं सहसा कुणी उघडत नाही. चार महिन्यांपर्यंत मान धरणं, आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसणं, वर्षाच्या आसपास नावाने हाक मारली की वळणं, दीड वर्षापर्यंत चालणं आणि हवी ती वस्तू बोटाने दाखवणं, दोन वर्षांपर्यंत 'आई दे', 'पाणी पाहिजे' असे दोन शब्द जोडणं. यातलं एखादं महिनाभर मागेपुढे झालं तर घाबरू नये. दोन-तीन गोष्टी एकदम मागे असतील, किंवा येत असलेली गोष्ट थांबली असेल, म्हणजे बोलणारं मूल गप्प झालं असेल, तर मात्र वाट पाहू नये. बोटाने दाखवण्याकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होतं. मूल बोट न दाखवता आईचाच हात धरून डब्यापर्यंत नेत असेल तर घरात त्याचं कौतुक होतं. तपासणाऱ्याच्या लेखी ती नोंद घेण्यासारखी गोष्ट असते.

आता वाट. आशाताई बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत अनेकदा घरी येतात आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही त्यांच्या भेटी ठरलेल्या असतात. त्या वजन-लसीचं विचारतात, पण शंका बोलून दाखवायची तीच जागा आहे. अंगणवाडीसाठीही २०२३च्या नोव्हेंबरात केंद्राने दिव्यांग बालकांविषयीची कार्यपद्धती जाहीर केली. लक्षणं ओळखायची, मुलाला अंगणवाडीत सामावून घ्यायचं आणि आशा व आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवायचं, हे आता अंगणवाडी सेविकेच्या कामातच धरलेलं आहे. तेव्हा "हा त्रास देतो, घरीच ठेवा" असं कुणी म्हणालं तर ते नियमाला धरून नाही.

पुढचा दुवा म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. देशभरच्या या कार्यक्रमाची सुरुवात महाराष्ट्रातच, पालघरला, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी झाली. जन्मजात व्यंग, कमतरतेचे आजार, बालपणीचे रोग आणि विकासातला उशीर या चार गोष्टी जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत शोधायच्या, असं त्याचं काम. त्यासाठी फिरतं पथक असतं: दोन डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता. ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायला हवं. गावात 'शाळेची गाडी आली' म्हणतात ती हीच. गाडी येते त्या दिवशी मूल घरी राहिलं तर सहा महिने गेले, म्हणून तारीख अंगणवाडी ताईंकडून आधीच विचारून ठेवावी. गाडीत एका मुलाच्या वाट्याला मिनिटं थोडी येतात. आईने "तब्येत बरी आहे" म्हटलं की पुढचं लेकरू उभं असतं. त्यामुळे काय खटकतं ते आधीच कागदावर लिहून न्यावं. आणखी चांगलं म्हणजे घरच्या मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवावा. अनोळखी माणसापुढे मूल रडतं किंवा गप्प बसतं, घरी जे दिसतं ते तिथे दिसत नाही.

पथकाला शंका आली की चिठ्ठी मिळते ती जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे सगळे ज्याला 'डीईआयसी' म्हणतात त्या केंद्राची. या कार्यक्रमात जिल्हा पातळीवर, सरकारी रुग्णालयाला जोडून, असं एक केंद्र धरलेलं आहे. बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचार करणारे, वाचा आणि श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, डोळे तपासणारे, दंतवैद्य, विशेष शिक्षक आणि समाजसेवक एका छपराखाली असावेत, ही त्यामागची कल्पना. कल्पना खरंच चांगली आहे: एरवी याच मुलासाठी आईला चार दवाखाने पालथे घालावे लागले असते. पण पद मंजूर असणं वेगळं आणि त्या खुर्चीत माणूस असणं वेगळं. निघण्यापूर्वी आशाताईंकडून किंवा फोन करून आज वाचातज्ज्ञ आहेत का ते विचारावं. मंठ्याहून किंवा भोकरदनहून साठेक किलोमीटर येऊन 'उद्या या' ऐकणं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणं, आणि दोनदा तसं झालं की तिसऱ्यांदा कुणी येत नाही. चिठ्ठी असली तर बरं. नसली म्हणून थांबू नये, बाळाला घेऊन थेट जावं.

१९८१ साली जिल्हा वेगळा झाला तरी मोठ्या दुखण्याला 'घाटी' गाठायची जालनेकरांची सवय गेलेली नाही. छत्रपती संभाजीनगरचं ते सरकारी रुग्णालय आणि तिथलं वैद्यकीय महाविद्यालय काही तपासण्यांसाठी लागतंच. २०२४मध्ये खुद्द जालन्यालाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. कुठेही जा, एक गोष्ट मागून घ्या: आज काय तपासलं, काय आढळलं आणि पुढे कधी यायचं, हे सही-शिक्क्यासह कागदावर. तोंडी निदान पुढच्या टेबलावर कामाला येत नाही.

केंद्रात आठवड्यातून तासभर उपचार झाले आणि बाकी वेळ मूल खाटेवर पडून राहिलं तर फरक दिसत नाही. खरं काम घरात होतं. १९६९ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाच्या छोट्या गावातून एक प्रकल्प सुरू झाला. वस्ती विरळ, अंतरं लांब, प्रत्येक मुलाला केंद्रात आणणं अशक्य. मग एक शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाऊ लागली. ती मुलाला शिकवण्यापेक्षा आईला शिकवी: या आठवड्यात एवढी एकच गोष्ट, दिवसातून इतक्या वेळा, आणि झालं की नाही याची खूण या तक्त्यावर. ती पद्धत पुढे जगभर गेली, भारतातही वापरली गेली. आपल्या जिल्ह्याची गरज त्या गावासारखीच आहे. तेव्हा केंद्रातून निघताना "घरी काय करू?" हा प्रश्न विचारावा आणि तज्ज्ञाने करून दाखवल्यावर आपण त्यांच्यासमोर एकदा करून दाखवावं. भाकरी थापताना मुलाला शेजारी बसवून परातीतल्या पिठाला हात लावू देणं, अंघोळीच्या वेळी प्रत्येक अवयवाचं नाव घेणं, पाणी लगेच न देता त्याने खूण करेपर्यंत क्षणभर थांबणं. यातलं काहीही महाग नाही. ही सगळी जबाबदारी एकट्या आईवर पडते, हे मला खटकतं. बाप, आजी, चुलती यांच्यापैकी कुणीतरी निदान एकदा केंद्रात सोबत जायला हवं. न पाहिलेल्या गोष्टीवर घरात विश्वास बसत नाही, आणि मग सासूच्या मते सून 'नसतं खूळ' घेऊन बसलेली असते.

या टप्प्यावर बरेच पालक वेगळ्याच रांगेत उभे राहतात: प्रमाणपत्राच्या. एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. उपचार सुरू करायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. टक्के ठरेपर्यंत थेरपी थांबवून ठेवणं ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत महाग चूक. प्रमाणपत्र लागतं ते पुढच्या सवलतींसाठी, आणि त्यासाठी अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. मग जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि 'यूडीआयडी' हे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं. लहान मुलाच्या बाबतीत टक्केवारी कायमची नसते. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बुद्धीच्या विकासात उशीर असेल तर 'सर्वांगीण विकासातील विलंब' अशी तात्पुरती नोंद होते, पुढे फेरतपासणी होते. वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र तर आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळतच नाही. त्याआधी ते नाकारलं म्हणजे अडचण नाही असा अर्थ होत नाही. टक्केवारी पटली नाही तर कायद्यात अपिलाची सोय आहे.

चाळीस टक्के या आकड्याभोवती जिल्ह्यात फार गैरसमज आहेत. २०१६च्या कायद्यातली मोफत शिक्षणाची कलम ३१ची हमी, मोफत पुस्तकं आणि साधनं, उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण यांना ४० टक्के लागतात. पण शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेप्रमाणे सोय करून द्यावी, परीक्षेत बदल करावा, हे कलम १६ आणि १७मधलं बंधन प्रत्येक दिव्यांग मुलाबाबत आहे. 'पस्तीसच टक्के आहेत, आम्हाला काही करता येणार नाही' असं म्हणणारा मुख्याध्यापक कायदा अर्धाच वाचून बसलेला असतो.

एस.टी.ची सवलतही प्रमाणपत्रावरच मिळते: ४० टक्क्यांपासून तिकिटात ७५ टक्के सूट, आणि ६५ टक्क्यांपासून सोबत्यालाही निम्मी. दर आठवड्याला जालन्याला यायचं असेल तर ही रक्कम लहान नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, तेही ग्रामसभेत विचारावं. पुष्कळ ठिकाणी तो पैसा वर्षअखेरीस घाईघाईने वाटला जातो आणि लहान मुलाच्या घरचं कुणी मागायलाच गेलेलं नसतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विम्यातून वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च मिळू शकतो, आणि त्यात थेरपीही धरलेली आहे.

आणि मग सहावं वर्ष उजाडतं. इथून हक्क सुरू होतो, आणि गंमत म्हणजे इथूनच कागदांचा खरा गोंधळही सुरू होतो. आतापर्यंत मूल आरोग्य विभागाचं आणि महिला-बालविकासचं होतं. आता जिल्हा परिषदेच्या आवारात त्याला दोन दारं आहेत. साध्या शाळेत घालायचं असेल तर शिक्षण विभाग आणि त्याची समग्र शिक्षा योजना. विशेष शाळेत घालायचं असेल तर समाजकल्याणकडे जावं लागतं, कारण महाराष्ट्रातल्या विशेष शाळा शिक्षण खात्याच्या अखत्यारीत नाहीत. त्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाच्या, पुण्याच्या. ३ डिसेंबर २०२२ला महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला, हे चांगलंच झालं. पण एका मुलाची एकच फाईल या सगळ्या दारांतून आपोआप पुढे सरकेल, अशी व्यवस्था अजून नाही. ती फाईल आई-बापांनाच सांभाळावी लागते.

कलम ३१ म्हणतं की निवड मुलाची: जवळची शाळा किंवा विशेष शाळा. ही निवड कुणी दुसऱ्याने करायची नाही. गावातली शाळा "आमच्याकडे सोय नाही, याला विशेष शाळेत घाला" म्हणते तेव्हा ती सल्ला देत नसते, जबाबदारी झटकत असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३प्रमाणे प्रवेशाच्या वेळी मुलाची चाचणी घेणंही बेकायदा आहे; पहिल्या वेळेस २५ हजारांपर्यंत दंड आहे. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग मूल वंचित गटात येतं आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, हे बऱ्याच मध्यमवर्गीय पालकांना माहीत नसतं. मात्र तिथे ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, आणि ऑनलाइन अर्ज सुरू झाल्यावर त्यासाठी धावाधाव केली तर ते हातात पडत नाही.

घरीच शिक्षण देण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने आला, तीव्र किंवा बहुविकलांग मुलांसाठी. तो पालकाने मागायचा पर्याय आहे. शाळेने मुलाला घरी पाठवायची पळवाट म्हणून तो वापरला तर नकार द्यायचा. २०१६च्या कायद्यात प्रवासाची सोय, जास्त मदत लागणाऱ्या मुलासाठी सोबतीची सोय आहे. समग्र शिक्षेत प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता मिळतो. पण हे सगळं एका रकान्यावर अडतं: शाळेने शासनाच्या यू-डायस नोंदीत मुलाचा दिव्यांगत्वाचा प्रकार भरला आहे का? तो रकाना रिकामा असेल तर तालुक्याच्या यादीत मूल नाही, साधनांच्या मोजमाप शिबिरात नाव नाही, श्रवणयंत्र नाही, खुर्ची नाही. वर्गशिक्षकांना विचारून ती नोंद डोळ्यांनी पाहावी.

गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक अनेक शाळा फिरतात, त्यामुळे एका मुलाच्या वाट्याला थोडेच येतात. २८ ऑक्टोबर २०२१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे आणि उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. २०२५च्या मार्चमध्ये राज्यांनी पदं जाहीर करावीत म्हणून पुन्हा बजावलं. तोवर जे शिक्षक येतात त्यांचा वेळ नीट वापरावा लागेल. अमेरिकेत १९७५च्या कायद्याने एक साधी गोष्ट सक्तीची केली: वर्षातून एकदा पालक आणि शाळा एका टेबलाभोवती बसतात आणि या मुलाने वर्षात काय शिकायचं, कोण शिकवणार, ते लिहून ठेवतात. १९८६ साली तशीच व्यवस्था तीन वर्षांखालच्या बाळांसाठी आणि त्यांच्या कुटुंबासाठीही आली. आपल्या कायद्यात अशा बैठकीची सक्ती नाही. तरी मागायला कुणाची ना नाही. जूनमध्ये मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि फिरते विशेष शिक्षक एकाच दिवशी भेटतील असं पाहावं, आणि तीन-चार वाक्यांचा आराखडा लिहून घ्यावा: 'दिवाळीपर्यंत स्वतःच्या नावाचं कार्ड ओळखेल; मधल्या सुट्टीत डबा स्वतः उघडेल.' 'मुलावर विशेष लक्ष देण्यात येईल' असं मोघम वाक्य चालवून घेऊ नये.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित गटांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायची असते. दिव्यांग मुलांचे पालक २०१२पासून त्या गटात येतात. उतार, नळाची उंची, संडासाचं दार, हे विषय त्या बैठकीत निघतात किंवा निघतच नाहीत. कोण बसलंय त्यावर ते अवलंबून आहे.

परीक्षेबद्दल थोडक्यात. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीत सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्राने १९९६ सालीच केली. आज तासाला वीस मिनिटं जास्त वेळ, लेखनिक, गरजेप्रमाणे विषयात सूट अशा सवलती आहेत. मंडळाचा अर्ज भरतानाच त्या मागाव्या लागतात, आणि मुलाला लेखनिकाला सांगून लिहून घेण्याचा सराव आठवीपासून हवा. ऐन दहावीत अनोळखी मुलासमोर बसून उत्तर सांगणं मोठ्या माणसालाही जमणार नाही.

शाळेने नकार दिला तर भांडू नये, लिहावं. एक पानभर अर्ज: मुलाचं नाव, वय, काय मागितलं, कुणी काय उत्तर दिलं, तारीख. दोन प्रती, एकीवर शाळेचा शिक्का. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने. त्यानंतर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी, आणि तरीही काही हललं नाही तर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. चौकशी करताना त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. वकील परवडत नाही ही अडचणही तितकीशी खरी नाही: दिव्यांग व्यक्ती, स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील देण्याची तरतूद १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे, आणि जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. बहुतेक प्रकरणं तिथपर्यंत जातच नाहीत. पोच घेतलेला दुसरा अर्ज टेबलावर आला की सूर बदलतो, असा पुष्कळ पालकांचा अनुभव आहे.

राहिला या जिल्ह्याचा स्वतःचा प्रश्न. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या पट्ट्यातून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरतात आणि माणसं परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. दिव्यांग मूल एक तर फडावरच्या कोपीत जातं, नाहीतर आजीपाशी मागे राहतं. दोन्हीकडे थेरपी तुटते. तपासणीची गाडी गावात येते तेव्हा मूल कारखान्यावर. कारखान्याच्या गावात येते तेव्हा ते त्या अंगणवाडीच्या पटावर नसतं. मोजमाप शिबिर डिसेंबरात झालं तर आजीला निरोप कळत नाही, आणि बुटाचं माप वर्षभर पुढे जातं.

म्हणून निघायच्या आधीचे पंधरा दिवस कामाचे. डीईआयसीत जाऊन सहा महिन्यांचा घरचा व्यायाम शिकून घ्यायचा, फिटची गोळी चालू असेल तर पुढच्या महिन्यांची सोय आणि चिठ्ठी घ्यायची, कारण ही गोळी मध्येच बंद करणं धोक्याचं असतं. अंगणवाडी ताईंना कोणत्या कारखान्यावर जाणार ते सांगायचं, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत नोंद होऊ शकते. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड मागून घ्यायचं आणि त्यात मूल दिव्यांग असल्याची नोंद आहे का ते वाचून पाहायचं. कागदांचे फोटो मोबाईलमध्ये आणि एक झेरॉक्स संच आजीकडे ठेवायचा. मूल मागे राहणार असेल तर व्यायाम आजीला दाखवून द्यायचा, आणि आशाताई व विशेष शिक्षक यांना आजीचा किंवा शेजारच्या घरचा फोन नंबर द्यायचा, म्हणजे शिबिराचा निरोप रिकाम्या घरी जाणार नाही. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत कोणत्या महिन्यात संपते ते आधी पाहायचं. जानेवारीत संपत असेल तर फेरतपासणी निघण्यापूर्वी होऊ शकते का, हे ऑक्टोबरातच रुग्णालयात जाऊन विचारायचं.